बातमीलाही चालेल अन् कंपनीलाही चालेल असा कॅमेरा कोणता? : वाचकांचे प्रश्न

या वेळेस पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि बहुतेक सगळी एकाच विषयाची, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. इकडं मराठवाड्यात पोरं आता नुसत्या लग्नाच्या शूटिंगवर राहायला तयार नाहीत, सीझन संपला की हात रिकामे, मग एखाद्या चॅनलचं स्ट्रिंगर (स्टोरीमागं पैसे घेणारा बातमीदार) म्हणून काम, मधेच एमआयडीसीतल्या कंपनीची फिल्म, कारखान्याचा मोळी टाकायचा कार्यक्रम, असं मिळून-मिसळून चालू असतं. मी स्वतः २२ वर्षं हेच करतोय. सुरुवात केली तेव्हा हातात सोनीचा पीडी १७० कॅमेरा होता, ६० मिनिटांची मिनी डीव्ही टेप डीव्हीकॅम या रेकॉर्डिंगच्या प्रकारात ४० मिनिटंच चालायची आणि बातमीची टेप रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं देऊन मुंबईला पाठवायची, सकाळी तिकडून कुणीतरी उतरवून घेतली की जीव भांड्यात पडायचा. तेव्हापासून जे हाताला लागलं त्यातूनच उत्तरं देतोय.

प्रश्न : सर, मी जालन्याचा. तीन वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, फुलफ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे, दोन लेन्स आहेत. आता एका चॅनलचं काम मिळायलंय आणि इथल्या स्टील कारखान्याच्या, बियाण्याच्या कंपन्यांच्या फिल्म पण येतील असं दिसतंय. अडीच लाख जमवलेत. अजून एक भारीतला मिररलेस घेऊ का तो हँडीकॅमसारखा दिसणारा घेऊ? मित्र म्हणायलेत की तसला कॅमेरा आता जुना झाला, कंपनीवाले बघून नाक मुरडतील.

भाऊ, मित्रांचं राहू द्या, आधी एक वही घ्या आणि येत्या तीन महिन्यांत कोणतं काम किती दिवस येणार ते लिहा. बातमीचे दिवस जास्त निघाले तर हँडीकॅमसारखा दिसणाराच घ्या, ज्याला आपण कॅमकॉर्डर म्हणतो तो, आणि तुमच्याकडं मिररलेस आधीच आहे म्हटल्यावर तर मला यात शंकाच वाटत नाही. दुसरा मिररलेस घेऊन तुमच्याकडं एकाच कामाची दोन हत्यारं होतील आणि बातमीचं हत्यार एकही नसेल.

का ते सांगतो. बातमीत पुढारी गाडीतून उतरला, चार पावलं चालला, दोन वाक्यं बोलला आणि गेला. एवढ्यात तुम्हाला कॅमेरा चालू करायचाय, फोकस, उजेड, आवाज तिन्ही बघायचेत, आणि मागून-पुढून धक्के बसत असतात. मिररलेसवर २.८ अपर्चर (लेन्समधून उजेड येण्याचं भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं) ठेवून जे सुंदर मागचं ब्लर मिळतं तेच इथं नडतं, माणूस अर्धा हात पुढं आला की फोकस गेला, शेजारी उभा असलेला कलेक्टर तर फोकसमध्ये नसतोच. आताचा ऑटोफोकस चांगला आहे हे मी मानतो, पण गर्दीत मधे कुणाचा तरी हात आला, दुसऱ्या चॅनलचा बूम माईक आला की तो तिकडं पळतो. कॅमकॉर्डरच्या एक इंची सेन्सरमध्ये एवढी अडचण येत नाही, जास्त खोलीपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं आणि बातमीला तेच पाहिजे असतं. (एक इंची म्हणतात पण तो मोजला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो, हे नाव जुन्या ट्यूबच्या कॅमेऱ्यापासून चालत आलंय. फुलफ्रेम ३६ बाय २४.)

दुसरं झूम. सभेत मीडियाचा स्टँड कुठं बांधतात तुम्हाला माहितीय, स्टेजपासून १०० फूट तरी लांब, कधी त्याहून जास्त. सोनीच्या एनएक्स १०० किंवा झेड ९० ला १२ पट झूम आहे, फुलफ्रेमच्या हिशोबात २९ ते ३४८ एमएम. १०० फुटावरून ३४८ एमएमला फ्रेमची रुंदी साधारण १० फूट येते, म्हणजे बोलणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो. त्यांच्यातलं क्लिअर इमेज झूम (डिजिटल झूम) चालू केलं की फ्रेमची रुंदी ५ फुटांवर येते, म्हणजे कमरेपासून वर, बाईटला (बातमीतल्या बोलण्याच्या तुकड्याला) पुरेल एवढं, आणि बातमीत तो दर्जा चालून जातो. पॅनासोनिकचा सीएक्स ३५० ला २० पट आहे, तो २४.५ पासून ४९० पर्यंत जातो. सोनीचे २०२४ ला आलेले झेड २०० आणि एनएक्स ८०० पण २० पटवाले, २४ पासून सुरू होतात, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर जातील. आता हेच फुलफ्रेमवर करायचं म्हणलं तर लेन्सच एक-दीड किलोची लागेल, आणि अरुंद खोलीत पत्रकार परिषद आली की ती काढून दुसरी लावा, तोपर्यंत पहिला प्रश्न होऊन गेलेला असतो, शिवाय आपल्याकडच्या धुळीत रस्त्यावर लेन्स उघडायची म्हणजे सेन्सरवर माती घेणं आहे.

तिसरं एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं कारण मराठवाड्याचं ऊन. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० सेकंद ठेवलं तर अपर्चर २२ च्या आसपास मागतं. ते २.८ वर आणायचं म्हणजे ६ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी करायचा, म्हणजे १/६४ चा एनडी लागतो. कॅमकॉर्डरमध्ये तो आतच बसवलेला असतो, १/४, १/१६, १/६४ अशा पायऱ्या, बोटानं चाक फिरवलं की झालं. मिररलेसमध्ये आत एनडी नसतो, सोनीच्या एफएक्स ३ आणि एफएक्स ३० मध्ये पण नाही, म्हणजे स्क्रूचा फिल्टर लावत बसा आणि मंडपात शिरलं की काढत बसा. फिल्टर नसला की पोरं शटर १/२००० वर नेतात, मग माणसं चालताना तुटक तुटक दिसतात.

आणि उन्हाचंच अजून एक. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये ० ते ४० डिग्री असं लिहिलेलं असतं, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि डांबरी रस्त्यावर काळी बॉडी धरून उभं राहिलं की आतलं तापमान काय होत असेल. मी एकदा उपोषणाच्या मंडपाबाहेर ४के मध्ये मिररलेसवर शूट करत होतो, शिष्टमंडळ आत गेलं, चर्चा झाली, नेमकं बाहेर येऊन बोलायला लागले आणि स्क्रीनवर गरम झाल्याची खूण येऊन कॅमेरा बंद पडला. मोबाईल काढेपर्यंत निम्मं बोलून झालं होतं, ते निम्मं मला परत कुणी दिलं नाही. त्या दिवसापासून बातमीला आत पंखा असलेला कॅमेरा नाहीतर कॅमकॉर्डरच घेऊन जातो, वरून पांढरा ओला रुमाल.

चौथं एक्सएलआर, म्हणजे माईकची वायर लावायचं तीन पिनांचं गोल जॅक. आवाजाबद्दल खाली बीडच्या वाचकाला लांब लिहिलंय ते वाचा, इथं एवढंच की दोन एक्सएलआर नसलेला कॅमेरा बातमीला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. लग्नात खांद्यावरचा सोनीचा एमसी २५०० सगळीकडं दिसतो, तो मोठा दिसतो म्हणून घ्यावासा वाटतो, पण त्याचा सेन्सर १/४ इंची आहे आणि एक्सएलआर नाही.

आता तुमचे अडीच लाख. सगळे कॅमेऱ्यात घालू नका, ही चूक मी खूप जणांची बघितलीय, कॅमेरा नवा कोरा आणि स्टँड फोटोचा हजार रुपयांचा, मग पॅन करताना झटके. दीड ते पावणेदोन लाखाच्या आत बसेल असा एक इंची कॅमेरा बघा, नवा नाहीतर चांगल्या हातातला वापरलेला. राहिलेल्यात फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा अलगद फिरवणाऱ्या डोक्याचा, ट्रायपॉड, एक चांगला कॉर्डलेस कॉलर माईक, एक गनमाईक (समोरच्याच दिशेचा आवाज घेणारा लांब माईक), जास्तीच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, चार कार्ड, एक छोटी एलईडी लाईट आणि पावसाचं कव्हर. बॅटरी बघून कॅमेरा निवडला तरी मी चूक म्हणणार नाही, एनएक्स १०० ला एनपी-एफवाल्या बॅटऱ्या लागतात, त्या जिल्ह्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात, लाईटला पण त्याच चालतात. झेड ९० ला एनपी-एफव्ही लागते, ती तालुक्याला मिळेलच असं नाही. उलट झेड ९० मध्ये ४के आहे, एसडीआय (वायरनं चित्र बाहेर द्यायचं जॅक) आहे, आणि एचडी मध्ये १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती) मिळतं, एनएक्स १०० नुसता एचडी. कंपनीची कामं वाढणार असतील तर झेड ९० कडं झुका.

आणि कंपनीवाले नाक मुरडतील म्हणता, तर कारखान्यात मालकाची मुलाखत तुमच्या मिररलेसवर घ्या, मागं भट्टी ब्लर, छान दिसेल, आणि रोलिंग मिलवर लांबूनच पकडायचा तो तापलेला लाल सळईचा शॉट कॅमकॉर्डरच्या झूमवर घ्या, तिथं जवळ जायचंच नाही. दोन्हीचा व्हाईट बॅलन्स एकाच पांढऱ्या कागदावर, हातानं सेट करा, ऑटोवर ठेवलं तर एडिटला रंग जुळवताना रात्र जाईल.

प्रश्न : दादा, मी लातूर जिल्ह्यातला. आमच्या चॅनलनं सांगितलंय मोबाईलवरून पाठवा, चालतंय. मग कॅमेऱ्यात पैसे घालायचे कशाला?

नुसतं तेवढंच काम असेल तर घालू नका, मनापासून सांगतो. चांगला मोबाईल, त्याला लागणारा कॉलर माईक आणि एक मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेतला तर आजच्या बातम्या निघतात. पाठवायला तर तो कॅमेऱ्यापेक्षा बराच सोपा आहे. हिशोब करा, ५० एमबीपीएसवर (सेकंदाला ५० मेगाबिट, ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) शूट केलेलं ५ मिनिटांचं फुटेज म्हणजे जवळपास १,८७५ एमबी. गावात नेटचा अपलोड ५ एमबीपीएस मिळाला तर तेवढं जायला ५० मिनिटं लागतात, आणि गावात तेवढा पण कुठं मिळतो. तेच ५ एमबीपीएसवर कन्व्हर्ट केलं की १८७ एमबी, ५ मिनिटात गेलं. कॅमेरावाल्यानं पण हेच करावं, जवळ लॅपटॉप ठेवावा, गरजेचे ८-१० शॉट आणि दोन बाईट काढावेत, बारीक करून पाठवावेत, आणि मूळ फुटेज जपून ठेवावं. मोठ्या चॅनलची लाईव्हची पेटी चार-सहा सिमचं नेट एकत्र बांधून पाठवते म्हणून तिचं चित्र अडकत नाही, आपल्याकडं ती नसते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं तरी खिशात ठेवा.

पण मोबाईल कुठं हरतो ते पण सांगतो. एप्रिल २०१६ ला तुमच्याच लातूरला मिरजहून पाण्याची रेल्वे आली, १० टाक्या, ५ लाख लिटर पाणी. पहाटेची वेळ, अंधार, आम्ही लांब थांबलेलो, आणि ती गाडी येताना जे चित्र पाहिजे होतं ते झूमशिवाय आणि स्टँडशिवाय होणारच नव्हतं. इंजिनाचा दिवा, मागं टाक्यांची रांग, आणि बाजूला उभ्या माणसांचे चेहरे, ती माणसं गाडीकडं बघत होती ना, ते चेहरे मला लांबून मिळाले, जवळ मोबाईल घेऊन गेलो असतो तर सगळी माझ्याकडं बघायला लागली असती. मोबाईलचं लांबचं झूम बरंचसं डिजिटल असतं, अंधारात चिखल होतो त्याचा. तासन्‌तास थांबायचं असलं तरी मोबाईल नडतो, बॅटरी, फोन, नेट सगळं त्याच्यावरच, आणि ऑफिसचा फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं. किमान विमान मोड करून शूट करत जा आणि मोबाईल नेहमी आडवाच धरा, चॅनलनं उभा मागितला असेल तरच उभा.

प्रश्न : बीडहून. सभेत किंवा कंपनीच्या कार्यक्रमात साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतो, कॅमेऱ्यात आवाज फाटून येतो. लेव्हल कमी केली तरी फाटतोच. कॅमेरा बदलावा लागेल का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार मानतो, कारण चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, फाटलेला आवाज कुणीच चालवून घेत नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या एक्सएलआरजवळ एक बटन असेल, लाईन, माईक आणि माईक अधिक ४८ व्होल्ट. मिक्सरमधून येतो तो लाईन लेव्हलचा आवाज, माईकच्या आवाजापेक्षा खूपच मोठा. तुम्ही तो माईकवर घेताय, त्यामुळं तो कॅमेऱ्यात शिरतानाच फाटतो, पुढं लेव्हलचं चाक कितीही कमी केलं तरी फाटलेलं शिवून मिळत नाही. बटन लाईनवर करा. आणि ४८ व्होल्टवर तर ते चुकूनही ठेवू नका, ती वीज कंडेन्सर माईकसाठी असते, मिक्सरमध्ये उलटी पाठवायची नाही. कॅमेऱ्याला लाईनची सोयच नसेल तर मधे लावायचं अटेन्युएटर मिळतं, २० किंवा ४० डीबीचं, बॅगेत एक पडून असू द्या.

एवढं करून पण नुसत्या मिक्सरवर विसंबू नका. साऊंडवाला मधेच गाणं लावतो, फेडर (आवाजाची पट्टी) वर करतो, कधी वायरच काढतो, त्याचा त्यात दोष नसतो, त्याला समोरच्या माणसांना ऐकवायचं असतं. कॅमेऱ्यातल्या आवाजाच्या पहिल्या चॅनलवर मिक्सर घ्या, दुसऱ्यावर कॅमेऱ्यावरचा गनमाईक, आणि दोन्हीचं सर्वात मोठं बोलणं उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं ठेवा. कॉलर माईक एकच असला तर तोच दोन्ही चॅनलवर घ्या आणि दुसरा चॅनल १० डीबी खाली ठेवा, बोलणारा एकदम ओरडला तर खालचा वाचतो. कानात हेडफोन पाहिजेच. मीटर हलतंय म्हणून मी एकदा एका दवाखान्याच्या उद्घाटनाचं पूर्ण भाषण घेतलं, घरी येऊन ऐकतोय तर नुसता जनरेटरचा घूंऽऽ आवाज, मिक्सरला आणि माझ्या चार्जरला एकाच बोर्डावरून करंट होता. कार्यक्रम पुन्हा होणार नव्हता, त्या लोकांना मी पैसे परत केले. आता मिक्सरची वायर जोडली की कॅमेरा बॅटरीवरच चालवतो आणि मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतो, छोटी डबी असते, घूं जातो.

प्रश्न : परभणीहून. भाऊजी दुबईला असतात, तिथून कॅमेरा स्वस्तात आणतो म्हणायलेत. आणू द्यावा का?

आणायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. त्यात ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ दोन्ही आहे का, आणि भारतात वॉरंटी चालते का. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, चॅनलला पण २५ फ्रेमचंच लागतं. नुसत्या ६० वर चालणारा कॅमेरा आला तर हॉलमधल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी लुकलुकतील, स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसतील, शटर १/५० किंवा १/१०० ला केलं की पट्टे थांबतात पण फ्रेमचा घोळ राहतोच. वॉरंटी नसली तर दुरुस्तीला पदरचे घालावे लागतील, स्वस्त पडलेलं तिथंच जातं. कस्टमची पावती नसेल तर विमा काढताना पण अडतं. मी स्वतः जीएसटीचं बिल घेऊन इथंच घेतो. १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून लोक कुरकुर करतात, पण तुमची नोंदणी असेल तर तो परत वळता होतो, आणि कंपनीची कामं करायची तर बरेच जण जीएसटी नंबर विचारतातच.

प्रश्न : धाराशिवहून. कंपनीवाला ४के पाहिजे म्हणतो. माझा कॅमेरा एचडी आहे. काम सोडू का?

सोडू नका, आधी विचारा फिल्म कुठं लावणार. यूट्यूब, मोबाईल, मीटिंगमधला प्रोजेक्टर एवढंच असेल तर चांगला एचडी पुरतो आणि समजावून सांगितलं तर लोक ऐकतात. ४के चा खरा फायदा मला मुलाखतीत वाटतो, एकच कॅमेरा मध्यम फ्रेमवर ठेवायचा आणि एडिटला त्यातूनच जवळची फ्रेम काढायची, कारण त्यात एचडीच्या चौपट चित्र असतं. पण १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी जातात, ५० ला साडेबावीस. कार्ड, हार्डडिस्क, एडिटचं मशीन हे सगळं धरून भाव सांगा, आणि त्या दिवसापुरता ४के कॅमेरा भाड्यानं आणा, संभाजीनगरला मिळतो.

ड्रोनचं पण विचारलंय, थोडक्यात सांगतो. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला सरकारकडं नोंदणी लागते, पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट, आणि उडवायच्या आधी नकाशात झोन हिरवा आहे का बघायचं. हे नसेल तर हो म्हणू नका, ज्याच्याकडं आहे त्याला दिवसावर बोलवा.

प्रश्न : सर, मी नांदेडची, एकटीच रिपोर्टिंग पण करते आणि कॅमेरा पण. स्कुटीवर फिरते. वापरलेला कॅमेरा घ्यायचा विचार आहे. काय काय तपासू?

ताई, एकट्यानं दोन्ही करणं किती अवघड आहे ते मला माहितीय, म्हणून आधी वजनाचं. झेड ९० किंवा त्याचाच भाऊ एनएक्स ८० हे एक इंची असून आकारानं छोटे आहेत, खांद्याच्या बॅगेत बसतात, हँडल वेगळं होतं. पीटूसी (कॅमेऱ्याकडं बघून बातमी सांगणं) स्वतःचं स्वतः करायचं तर स्क्रीन पुढं वळली पाहिजे, चेहऱ्यावर फोकस लॉक झाला पाहिजे आणि माईक कॉर्डलेस पाहिजे, एवढं दुकानात उभं राहून करून बघा.

वापरलेला घेताना दिवसा जा आणि स्वतःचं कार्ड, स्वतःचा माईक घेऊन जा. लेन्सला झाकण लावा, गेन (चित्र उजळ करायची सेटिंग) वाढवा आणि स्क्रीनवर पांढरे-लाल ठिपके दिसतात का बघा, ते खराब पिक्सेल. मोबाईलचा टॉर्च तिरका मारून लेन्समध्ये बुरशीचं जाळं आहे का बघा, आपल्याकडं हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला धरतंच. झूमचं बटन अगदी हळू दाबून बघा, सुरुवातीला झटका देत असेल तर ते बटन घासलंय. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड लावा. दोन्ही एक्सएलआरमध्ये वायर घालून हलवा, खरखर आली तर जॅक ढिला. एनडीचं चाक प्रत्येक पायरीवर थांबवून पांढऱ्या भिंतीवर बघा. बऱ्याच प्रोफेशनल कॅमेऱ्यांच्या मेनूत किती तास चाललाय ते दिसतं, ते बघितल्याशिवाय भाव बोलू नका. आणि बिल पाहिजेच, बिलावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, नाहीतर चोरीचा निघाला तर कॅमेरा पण जाईल आणि ठाण्याच्या चकरा तुम्हाला.

घेतल्यावर अर्धा तास सलग रेकॉर्ड करून घरी एकदा पूर्ण बघा, नुसतं पुढं-मागं करून नका सोडू. गुरुद्वाऱ्यात शूट करताना परवानगी आधी घेता ना, छोटा कॅमेरा असला की आत कुणाला त्रास होत नाही, तिथं मला स्वतःला मोठ्या कॅमेऱ्याची अडचण वाटली होती. नदीकाठी, पुरात जायची वेळ आली तर कव्हर बॅगेतच असू द्या. जायकवाडीचे दरवाजे उघडतात तेव्हा पैठणला पाण्याचे तुषार एवढ्या लांब येतात की पाऊस नसताना लेन्स ओली होते, दर दोन मिनिटांनी पुसावी लागते. परत आल्यावर लगेच बॅग बंद करू नका, पंख्याखाली उघडं ठेवा.

प्रश्न : हिंगोलीहून. चॅनल स्टोरीमागं पैसे देतं, ते पण चार महिन्यांनी. कॅमेऱ्याचे पैसे निघणार कसे? कर्ज काढू का?

बातमीच्या पैशातून कॅमेरा निघत नाही, हे मी स्पष्टच लिहितो, कारण कर्ज काढून बसलेली पोरं मी बघितलीत आणि मला ते बघवत नाही. मला पण एका चॅनलनं वर्षभर थकवलं होतं, फोन केला की पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, शेवटी निम्म्यावर मिटलं. बातमीनं ओळख मिळते, गावोगावची माणसं जोडली जातात, आणि तीच माणसं कंपनीचं, कॉलेजचं, कारखान्याचं काम देतात, त्या कामात कॅमेऱ्याचा हप्ता बसवायचा. कंपनीच्या कामाला निम्मे पैसे आधी, राहिलेले फिल्म देताना, हे पहिल्याच भेटीत बोला आणि कागदावर घ्या. दिवसाचा दर सांगताना स्वतःची मजुरी वेगळी आणि कॅमेरा-माईकचं भाडं वेगळं लिहा, एकत्र सांगितलं की समोरचा कॅमेरा फुकटच धरतो.

कर्जच लागलं तर खाजगी फायनान्सच्या आधी बँकेत मुद्राचं विचारा, शिशुमध्ये ५० हजारापर्यंत आणि किशोरमध्ये ५ लाखापर्यंत मिळतं, कोटेशन आणि आतापर्यंतच्या कामाची बिलं बरोबर न्या. हप्ता ठरवताना लग्नाच्या सीझनचे महिने धरू नका, श्रावण-भाद्रपदात जेवढं हातात येतं तेवढ्यावर हप्ता बसतोय का ते बघा. बसत नसेल तर या वर्षी फक्त चांगला माईक आणि ट्रायपॉड घ्या, कॅमेरा कामापुरता भाड्यानं आणा. हे दोन्ही पुढं कोणताही कॅमेरा आला तरी चालतात, माझा ट्रायपॉड १४ वर्षांचा आहे, त्याच्यावर आतापर्यंत पाच कॅमेरे बदलले.